न बसणारा रेणू

पाण्यातून ऑक्सिजन सुटा करणारे रेणू कॉम्प्युटरवर जुळवायचे, हा माझा धंदा. त्यात हातसुद्धा ओला होत नाही. अणू मांडायचे, गणित लावायचं, आणि रेणू एका जागी बसला की त्याची कंपनं तपासायची. एक जरी चुकीचं कंपन उरलं, तर तो बसलेलाच नाही. मग अणू जरासे सरकवून पुन्हा पहिल्यापासून.

हा एक रेणू मात्र महिनाभर बसेना. बाबांची फुप्फुसं निकामी झाल्यापासून मी घरूनच काम करते, त्यांच्या खाटेला टेबल लावून. त्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी, माझ्या स्क्रीनवर रेणूची तीच ती थरथर. आत, बाहेर, आत, बाहेर. बघून बघून डोळे आंबले होते.

एकदा बाबांना खोकल्याची उबळ आली आणि स्क्रीनवरची थरथर अडखळली. खरं तर तिथे ठरलेलं चित्र पुन्हा पुन्हा फिरत असतं. त्यात अडखळायला काही नाही.

"बाबा, जरा श्वास रोखून धरा."

"आहे तेवढा तरी घेऊ दे की गं!" म्हणाले, पण धरला.

रेणू थांबला. त्यांनी श्वास सोडला, तसा हलू लागला.

मला घाबरायला हवं होतं. पण गेल्या वर्षभरात मला काही वाटेनासंच झालंय. बाबांशिवाय मला कुणी नाही, आणि हा रेणू बसता कामा नये, एवढंच कळलं.

मी ऑफिसात आमच्या सरांना फोन लावला. "सर, तो रेणू सोडून देऊ या. वेळ वाया जातोय."

"अगं, सकाळीच मी अणू सरकवून इकडच्या कॉम्प्युटरवर लावलाय."

"थांबवा."

"कमाल आहे! महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होतीस ना?" ते हसले. "हा बघ, बसलासुद्धा. पाठवतो."

नवं चित्र आलं.

एकही अणू हलत नव्हता.

खाटेकडे बघायचा धीर होईना.

"झालं का गं काम?" बाबांनी विचारलं.

नळी त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. चेहरा निवळला होता. ऑक्सिजनचं मशीन बंद कर, खिडकी उघड, आत्याला फोन लाव, असं कुठेही न अडता बोलत होते.

मी त्यांच्या नाकापुढे बोटं धरली. बोटांना काहीच लागलं नाही.

ते बोलतच होते.