तक्रार नाही

ही गोष्ट खरी आहे. कुठली ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची आहे. रविवार होता, दुपारचे तीन, आणि जागा तिच्या प्रयोगशाळेतली मागची खोली. भुताखेतांचं नाव काढलं की ताई आम्हाला उडवून लावायची. आता ती दिवा लावून झोपते.

ताई डॉक्टर आहे, मेंदूच्या कॅन्सरवर संशोधन करते. शरीरातल्याच लढाऊ पेशींना जागं करून गाठीवर सोडायचं, असं तिचं औषध. धोका एकच. त्या पेशी जास्तच चवताळल्या तर मेंदूला सूज येते. म्हणून प्रत्येक डोसआधी पेशंटला विचारायचंच, डोकं दुखतंय का?

पेशंटांमध्ये एक शिंपीकाका होते. गाठीमुळे त्यांना बोलताना शब्द सापडत नसत. मग ते बोटातलं पितळी अंगुस्तान, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, टेबलावर वाजवत बसायचे.

टक... टक टक.

शब्द आला की हसायचे. "सापडला बघा! सुईसारखा हरवतो मेला."

दुसऱ्या डोसच्या दिवशी ताईला मीटिंगची घाई होती. तिने विचारलं, "काका, काही त्रास?"

काका बोलायला गेले. शब्द येईना. त्यांनी कपाळाला हात लावला. मग टक... टक टक...

ताईने घड्याळ पाहिलं. "बरं वाटतंय ना?" ती स्वतःच म्हणाली, आणि फॉर्मवर लिहूनही टाकलं. तक्रार नाही.

ती डोस देऊन निघाली तरी मागे टकटक चालूच होती.

चौथ्या दिवशी काका गेले. मेंदूला सूज.

फॉर्म स्वच्छ होता, त्यामुळे ताईला कुणी काही विचारलं नाही. उलट काकूंनी तिचे हात धरले. "तुम्ही खूप केलंत हो." ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो रविवार.

काकांच्या गाठीतून आधी तपासायला काढलेल्या पेशी अजून जिवंत होत्या, इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात वाढत होत्या. ताई एकटीच त्या बघायला गेली. फ्रीजची घरघर अचानक थांबली.

आणि...

टक... टक टक.

कपाटाच्या आतून.

तिने हिय्या करून बाहेरचं दार उघडलं. आवाज थांबला. आतल्या काचेवर वाफ धरली होती. त्या वाफेत, आतल्या बाजूने, बोटाच्या टोकाएवढे तीन ठिपके पुसलेले होते.

"काका, चुकलं माझं," ताई पुटपुटली.

दुसऱ्याच दिवशी ती काकूंकडे गेली, सगळं सांगून टाकायला.

"काकू, त्या दिवशी काकांचं... काकांचं..."

शब्दच येईना! 'डोकं' हा साधा शब्द. आणि तिचं बोट आपोआप टेबलावर वाजायला लागलं. बोट उघडं होतं, पण आवाज पितळेचा.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. तरी त्या उठल्या नाहीत. "सावकाश," त्या म्हणाल्या. "यांचंही असंच व्हायचं. मी थांबायचे. थांबलं की येतो शब्द."

काकू तासभर थांबल्या. ताई न सांगताच रडत घरी आली.

तिच्या मेंदूचा स्कॅन केला. काहीही निघालं नाही. बाकी सगळं ती घडाघडा बोलते, त्या एका वाक्यापाशी अडते. मलाही ते वाक्य तिने लिहूनच दाखवलं.

मी चिडलो. "अगं, मग काकूंनाही लिहून दे की!"

"लिहिलंय रे," ताई मान खाली घालून म्हणाली. "द्यायची लाज वाटते."

पत्र दोन महिने तिच्या पर्समध्ये पडून आहे. परवा जेवणं आटोपून आम्ही दोघंच टेबलाशी बसलो होतो. मी विचारलं, "दिलंस?"

तिने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

टक... टक टक.

"ताई, बोट थांबव ना," मी म्हणालो.

तिने टेबलाखालून हळूच दोन्ही हात वर काढून दाखवले.