पिपाणीची खोली

माझ्या कानांवर माझा पूर्ण विश्वास आहे. सुताराने आपल्या हाताबद्दल म्हणावं तसं हे म्हणते आहे, फुशारकी म्हणून नाही. लोक गाणी तयार करून माझ्याकडे पाठवतात आणि मी त्यांवर शेवटचा हात फिरवते. कुठे खर्ज फुगलेला असतो, कुठे 'स' कानाला टोचतो, कुठे दोन वाद्यं एकमेकांच्या पायात पाय घालत असतात. ते निस्तरायचं आणि गाणं मोबाइलवर, गाडीत, दुकानातल्या स्पीकरवर सारखंच चांगलं वाजेल असं करून परत पाठवायचं. या कामाला मास्टरिंग म्हणतात. आमच्या आईला ते आजवर कळलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, "मुलगा गाणी धुतो आणि मुलगी इस्त्री करते." याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

मुलगा म्हणजे माझा दादा. एका छापखान्याच्या वर आमचा स्टुडिओ आहे. रेकॉर्डिंगची खोली पुढे, तिथे दादाचं राज्य. माझी मागे. दोन्ही खोल्यांच्या भिंतींना जाड फोम आणि वरून कापड, त्यामुळे आत बोललेला शब्द ओठांवरून सुटला की तिथेच विरतो. नवीन माणूस आत आला की दोन वाक्यांत गप्प बसतो. आपला आवाज इतका उघडा पडलेला त्याने कधी ऐकलेला नसतो.

पिपाणी आमच्याकडे आली ती आधी फायलींच्या रूपात. हे नाव तिने स्वतःच घेतलेलं. ती हायपरपॉप करायची. म्हणजे नेहमीचं पॉप गाणं घ्यायचं, त्याचा वेग वाढवायचा, गाणाऱ्याचा आवाज यंत्राने चढवून बाहुलीसारखा करायचा, ढोल फाटेस्तोवर दाबायचे आणि मध्येच स्टीलची भांडी जिन्यावरून गडगडत जावीत तसं काहीतरी घालायचं. दादाला हा प्रकार अजिबात झेपत नाही. मला मात्र पिपाणीच्या गाण्यांत पहिल्यापासून जाणकार हात दिसला. लिहिणं, गाणं, वाद्यं, सगळं तिचं एकटीचं. आणि प्रत्येक गाण्यात एक जागा अशी यायची की सगळा गोंगाट एकदम थांबायचा आणि एकच ओळ, कसलंही संगीत नसलेली, तिचा आवाज एकटा गाऊन जायचा. त्या ओळीसाठी लोक गाणं पुन्हा पुन्हा लावायचे.

लोक म्हणजे फार नव्हेत, पण जे होते ते वेडे होते. तिने ना कधी फोटो टाकला, ना मुलाखत दिली. कुणी म्हणे तो मुलगा आहे, कुणी म्हणे तिघीजणी मिळून गातात, आणि एका शहाण्याने तर हे माणसाचं कामच नाही असं ठासून लिहिलं होतं.

"तोंड लपवणं ही हल्ली जाहिरातच असते," दादा म्हणायचा.

मी त्या एकट्या ओळीवर काम करत होते तेव्हा पहिल्यांदा अडखळले. आवाजामागे घुमारा होता. कृत्रिम घुमारा मी झोपेतही ओळखते, आणि हा तसा नव्हता. मी तिच्याकडे कच्चा आवाज मागितला, काही संस्कार न केलेला. तिने एका झटक्यात आतापर्यंतच्या सगळ्या गाण्यांचा पाठवून दिला.

कच्च्या आवाजामागे खोली ऐकू येते, यात जादू काही नाही. आवाज भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. परत यायला किती वेळ लागला, येताना किती बोथट झाला, यावरून भिंत किती लांब आहे, ती दगडी आहे की लाकडी, हे सांगता येतं. दादा आणि मी लहानपणी डोळे मिटून हाच खेळ खेळायचो.

पहिल्या गाण्यात ती प्रचंड मोठ्या वास्तूत उभी होती. उंच छत, खाली कडक फरशी, माणूस नाही. पुढच्या गाण्यांत जागा सिनेमागृहाएवढी झाली. मग वर्गाएवढी. सगळ्यात ताज्या गाण्यात ती एका बिनखिडकीच्या लहान खोलीत होती.

"सारखी घरं बदलतेस का गं?" मी मेसेज टाकला.

"नाही ताई. सगळी एकाच जागी गायलेय. माझ्या पलंगावर बसून."

"मग मागे गादी उभी कर. पडदे लाव."

"सगळं करून झालं. काही फरक पडत नाही. म्हणत असाल तर तुमच्याकडे येऊन गाते."

जी मुलगी कुणालाच भेटत नाही, ती आपणहून यायला निघाली होती. त्या दिवशी दादाने दाढी केली.

ती दुपारी आली. बारीक चणीची, केस कानाच्या वर कापलेले, अंगात चष्म्याच्या दुकानाचा निळा शर्ट. ती तिथे काचा बसवायचं काम करायची आणि जेवणाची सुट्टी साधून आली होती. नजर मात्र अशी, की आपण कुठे आलोय आणि कशाला हे तिला नीट ठाऊक आहे. ती बोलली नाही. मोबाइलवर टाइप करून दाखवत होती.

"घसा बसलाय वाटतं," दादा माझ्या कानात पुटपुटला.

तिने लगेच लिहून दाखवलं, "घसा ठणठणीत आहे."

आत जाऊन ती गायली. काचेच्या अलीकडे बसलेल्या दादाचा चेहरा मी पाहत होते. त्याने हेडफोन काढला, वायर तपासली, पुन्हा घातला. माइक बदलला. मग स्वतः आत जाऊन "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. त्याचा आवाज कोरडा ठाक आला, आमच्या खोलीत यायला हवा तसा. मग ती पुन्हा गायली, आणि तिच्या शब्दांभोवती भिंती उभ्या राहिल्या. त्या जवळ होत्या. सामानाच्या कोठडीएवढी जागा असेल, आणि एका बाजूला लाकूड.

ती बाहेर आली, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि तोंडाने म्हणाली, "झालं का समाधान, ताई?"

मध्ये ना माइक होता, ना वायर. तिचे ओठ माझ्यापासून हातभर अंतरावर होते. शब्द दबलेले नव्हते, लांबूनही येत नव्हते. ते फक्त आमच्या खोलीत बोललेले नव्हते.

दादाने हातातला कप टेबलाच्या अगदी कडेवर ठेवला. मी तो आत सरकवला.

"जन्मापासून असंच आहे," ती म्हणाली. "लहानपणी ही जागा खूप मोठी होती. वर्गात हळू बोलले तरी सगळीकडे घुमायचं. बाईंना वाटायचं मी मुद्दाम ओरडते, बाकावर उभं करायच्या. मग ती लहान होत गेली. आईने डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घसा बघितला, नाक बघितलं, मग उठून आपल्याच केबिनचं दार उघडून बाहेर बघितलं, आणि म्हणाले, मुलगी चांगली आहे."

"आणि खोली कुणाची आहे ही?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. मी कुठे बघितलीय? ऐकलीय फक्त."

"भीती नाही वाटत?"

"वाटायची. मग हे संगीत सापडलं. इथे सगळ्यांचेच आवाज विचित्र. माझाही खपून गेला, वर नाव झालं." ती हसली. त्या हसण्यालाही भिंती होत्या. "आता लपायचा कंटाळा आलाय. एक कार्यक्रम करायचाय. लोकांसमोर, उघड्या तोंडाने. आणि शेवटची ओळ काहीही न लावता. तुम्ही मिक्सरवर बसाल?"

"आधी एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवू या," दादा म्हणाला. "घाई काय आहे?"

"घाई आहे, दादा. गाताना आता कोपर हलवायला जागा नसल्यासारखं वाटतं. पुढे किती दिवस गाता येईल सांगता येत नाही. त्याआधी एकदा नीट गाऊन घेते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

पेपर आधीच सोडवून आलेली मुलगी परीक्षेबद्दल बोलेल तशी ती बोलत होती. मला तिचं कौतुक वाटलं. मी म्हटलं, "मी बसते."

कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी दुपारी होता. हॉल जुना, लाकडी स्टेजचा, मागे बाल्कनी. खुर्च्या काढून टाकल्या होत्या आणि तरी पोरं मावत नव्हती. पिपाणी तोच निळा शर्ट घालून स्टेजवर आली. सुरुवातीला कुणी टाळीही वाजवली नाही. सगळ्यांना वाटलं, माइक लावायला कुणीतरी आलंय. मग तिने पहिलं गाणं सुरू केलं आणि हॉल एकदम उसळला. पायांखालची जमीन थरथरत होती. ती एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने माइक धरायची, आणि शेकडो माणसांना बोटावर नाचवायची. पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहिलेली मुलगी ती वाटतच नव्हती. माझ्या शेजारी उभा असलेला दादा मान डोलवत होता. हा प्रकार न झेपणारा दादा.

मग ती ओळ आली.

ठरल्याप्रमाणे मी सगळं खाली ओढलं. ढोल गेले, भांड्यांचा गडगडाट गेला, तिचा चढवलेला आवाज गेला. एक माइक फक्त चालू ठेवला.

ती गायली.

एवढा मोठा हॉल, पण तिच्या आवाजात तो कुठेच नव्हता. बाल्कनी नव्हती, छत नव्हतं. फक्त ती कोठडी होती, आणि आम्ही सगळे जणू तिच्या लाकडी अंगाला कान लावून उभे होतो. कुणी खोकलं नाही.

ओळ पुढे सरकली तशा भिंती सरकल्या. हेडफोनमध्ये ते स्वच्छ कळत होतं. आधी खांद्यांशी. मग गालांशी.

शेवटच्या शब्दाला जागाच नव्हती.

तिने तो गायला.

मग तिने तोंड मिटलं, आणि क्षणभर नुसती उभी राहिली. डोळे उघडे होते. मी मिक्सरवरून उठले होते, हे मला नंतर दादाने सांगितलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती हसली, माइक तोंडाशी नेला आणि म्हणाली, "थँक्यू."

तो शब्द हॉलभर गेला, मागच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. कुणाचाही यावा तसा.

मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सुटली पोर, असं वाटलं. नंतर मेकअपच्या खोलीत ती प्रत्येकाशी बोलत होती, फोटो काढून घेत होती, तिचा मोकळा आवाज पॅसेजपर्यंत येत होता. मी जवळ गेले तर माझा हात हातात घेऊन म्हणाली, "छान झालं ना, मॅडम?" गर्दी होती, दमलेली असेल. मी मनावर घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती रेकॉर्डिंग ऐकायला स्टुडिओत आली. त्याचा अल्बम काढायचं ठरलं होतं. ती जिन्यातूनच बोलत आली, छापखानेवाल्यांशी, मग दादाशी. शब्द जिन्यात घुमत होते, आणि आमच्या खोलीत शिरल्याबरोबर ओठांवरच विरायला लागले. तिचा आवाज आता आमच्या खोलीत अगदी व्यवस्थित बसत होता.

दादाने तिच्या माइकचा ट्रॅक तेवढा लावला. ती ओळ सुरू झाली. शेवटचा शब्द आला.

त्यानंतर टाळ्या यायला हव्या होत्या. हॉलमधल्या बाकी सगळ्या माइकांवर त्या होत्या. तिच्या माइकवर नव्हत्या.

तिथे एक दार उघडल्याचा आवाज होता. कुणीतरी बाहेर पडलं. दार ओढून घेतलं गेलं आणि कडी सरकली.

मग "थँक्यू", आणि त्याच्यामागे तो अख्खा मोठा हॉल.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी आवाज वाढवला. त्या शब्दाच्याही मागे, फार खाली, काहीतरी होतं. लाकडावर हाताचा तळवा. आधी हळू, एका लयीत. मग लय सुटली.

माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्याने आवाज शांतपणे शून्यावर आणला.

"एवढं कापून टाका," ती म्हणाली. "लोकांना काय करायचंय ते."

मी खुर्ची वळवली. तेच कानाच्या वर कापलेले केस, तोच शर्ट, चेहऱ्यावर तीच खात्री.

"आत कोण आहे गं?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला, किरकोळ गोष्ट आठवताना करतात तसा.

"गाणारी," ती म्हणाली.

तिने पर्स उचलली, दादाला नमस्कार केला, अल्बम कधी निघेल ते विचारलं आणि बाहेर पडली. दार तिने हळूच लावून घेतलं. मग बाहेरची कडी सरकल्याचा आवाज आला.

दादा उठून दारापाशी गेला. त्याने हँडल ओढून पाहिलं.

"अगं," त्याने हाक मारली, "आम्ही आत आहोत."

पलीकडे पावलं थांबली. ऐकत असावीत. मग ती सावकाश जिना उतरत गेली.