रुपाचं दुसरं कडं

खोक्याचं झाकण उघडून रुपा पावरा नुसती बघत राहिली. सकाळी तिने आत दोन कडी ठेवली होती. आता एकच होतं.

तळोद्याच्या सभागृहात विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. भरलं म्हणजे काय, तर मागच्या फ्लेक्सवर सात पुढाऱ्यांचे चेहरे आणि त्यांच्या पायाशी उंदराएवढं एक अवकाशयान. परीक्षक भिला पाटील सकाळपासून त्या फ्लेक्सकडे बघून तोंड वाकडं करत होते. तीस वर्षं कारखान्यात लेथ यंत्रावर उभा राहिलेला माणूस, त्याला फुगवलेली कुठलीच गोष्ट सोसत नसे. रुपाने त्यांनाच हाक मारून खोक्यातली रिकामी जागा दाखवली.

"काय गये, बेटा?"

"एक कडं गेलं, सर. दोन्ही सारखीच होती. फक्त एकाचं तोंड बाहेर काढून ठेवलं होतं, दुसऱ्याचं आत दाबलेलं. दाबलेलं गेलं."

भिलांनी झाकण लावून टाकलं. "सामान गये एवढंच सांग. काय गये ते कोणले सांगू नको."

पोरीचं काय पणाला लागलंय ते त्यांना ठाऊक होतं. जिंकणारं एकच मूल पुण्याच्या शिबिराला जाणार होतं. जपानची, इटलीची मुलं तिथे आपापली कडी घेऊन येणार होती. अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडतात ती ही कडी. त्यांचं माप बऱ्याच देशांनी एकत्र बसून ठरवलंय, आणि नकाशा कुणालाही फुकट मिळतो. एकमेकांचं तोंड न पाहता बनवलेली कडी जुळतात का, हेच शिबिरात बघायचं होतं. डोंगरातल्या आश्रमशाळेत रुपाने चार महिने खपून प्लायवुड, पत्रा आणि जुन्या पेनांच्या स्प्रिंगांची दोन कडी केली होती. एक वाजता जोडणी दाखवायची होती, आणि बारा वाजून गेले होते.

प्रदर्शनाचे प्रमुख धीरज साहेब आले. कुर्त्याला इस्त्री कडक, बाकी सगळं ढिलं.

"सामान गेलं म्हणे? विसरली असेल घरी. या पोरांचं असंच असतं. जोडणी नाही दाखवली तर बाद, नियम आहे."

"तुम्ही तिचं सामान सकाळी पाहिलं होतं?"

"एवढा वेळ कुठे असतो?"

"मग ती विसरली हे कशावरून?" भिलांनी विचारलं. साहेबांनी घड्याळ बघितलं.

अकरा ते बारा बाहेर मांडवात सत्कार चालू होते. तेवढा वेळ सभागृहाला कुलूप होतं. साहेबांकडून चावी घेऊन दोघे आत जाऊन आले होते, आणि स्वतः साहेब. भिलांनी तिघांना एकेकटं गाठलं. प्रत्येकाला एवढंच सांगितलं, की रुपाचं सामान चोरीला गेलंय.

"तुम्ही आत कशाला गेलात, साहेब?"

"शाली आणायला. सात आणल्या होत्या, सत्काराला आठवा माणूस निघाला."

"रुपाची वस्तू काय आहे, सांगता येईल?"

"ते... यानाचं झाकण ना?"

भिलांनी कपाळाला हात लावला. प्रदर्शनाचा प्रमुख म्हणे.

मग रुपाचे शिक्षक जगदीश सर. ते पाण्याची बाटली आणायला आत गेले होते.

"दोन्ही गेली का हो? एक तरी राहिलंय? एक असलं तरी निभेल, त्याला दुसरं कुणाचंही जुळतं."

शेवटी शहाद्याकडच्या शाळेचे ललित सर. रुपाशिवाय कडं आणलं होतं ते फक्त यांच्या शाळेच्या भूपेशने. सरांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं, आणि शाळेपेक्षा त्यांचा जीव दुकानातच जास्त रमे.

"मी चार्जर घ्यायला गेलो होतो," खांद्यावरची लॅपटॉपची बॅग सावरत ते म्हणाले. "वाईट वाटतं हो पोरीचं. पण मादीच नाही तर नुसता नर काय करणार? पुढच्या वर्षी बसवा तिला."

"भूपेशला तुम्हीच शिकवलं?"

"मग काय! पंधरा वर्षं विज्ञान शिकवतोय."

पाऊणला भिलांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"चोराने एकच कडं नेलं. दोन्ही का नाही नेली?" ते म्हणाले. "कारण त्याला वाटलं, एक नेलं की काम झालं. पाइपाच्या जोडाला एक नर लागतो, एक मादी. मादी उचला, नर वाया. हे दुकानाचं ज्ञान झालं. या कड्यात नर-मादी नाहीच. दोन्ही बाजू एकसारख्या, कारण कुठल्याही देशाचं यान दुसऱ्या कुठल्याही यानाला जोडता आलं पाहिजे. एकाचं तोंड बाहेर, दुसऱ्याचं आत. वाटलं तर उलट करा. जगदीश सरांना हे कळतं, ते एक उरलं तरी निभेल म्हणाले. साहेबांना ते झाकण वाटतं, त्यांना काय चोरायचं तेच कळलं नसतं. ललित सर, एकच गेलं आणि तेही आत दाबलेलं, म्हणजे तुमची मादी, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला मादी गेली हे कसं कळलं?"

"मी आपलं सहज..."

"लॅपटॉपची बॅग उघडा."

ललित सरांनी बॅग घट्ट धरली. साहेबांनी ती ओढून घेतली. आत कडं होतं, बॅगेत बसावं म्हणून काठावरच्या तिन्ही पाकळ्या मुरगाळलेल्या. रुपाचे डोळे भरून आले. भिलांना त्या माणसाची किळस आली. पोरीच्या चार महिन्यांवर हा पायपुसण्यावर पुसावेत तसे पाय पुसून मोकळा झाला होता.

"म्हणजे आता जोडायला दुसरं नाहीच," साहेब पुटपुटले. "आणि शिक्षकाने चोरी केली, तर ती शाळाही बाद."

भूपेश पुढे आला. त्याने आपलं कडं टेबलावर ठेवलं.

"हाई लाव," तो रुपाला म्हणाला.

"मूर्ख, ते आपल्या शाळेचं आहे!" ललित सर ओरडले.

"शाळा बाद शे, सर," भूपेश शांतपणे म्हणाला. "अन् तुम्ही नकाशा कधी वाचेलच नही. मीच वाचेल शे."

रुपाने त्याच्या कड्याचं तोंड आत दाबलं, आपलं समोर धरलं आणि ढकललं. पाकळ्या एकमेकींत शिरल्या, खिट्ट्या बसल्या. भिलांनी लेथवाल्या हातांनी दोन्हीकडून ओढून पाहिलं. जोड हलला नाही.

त्यांनी कागदावर रुपाचं नाव लिहिलं. साहेब नियमाचं काहीतरी बोलू लागले, तर भिलांनी त्यांच्यापुढे पेन धरलं. साहेबांनी सही केली.

भूपेश आपलं कडं सोडवायला हात पुढे करणार, तोच रुपाने जोड उचलून घेतला.

"तुझं राहू दे," ती म्हणाली. "पुण्याला हे असंच नेते. तिथे विचारलं तर तुझं नाव सांगेन."