काचेच्या टाकीतले मासे

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

मामा तांब्याच्या खाणीत कामाला होता. खाणीतलं विषारी पाणी चुना घालून निवळायचं आणि नदीत सोडायचं. त्याआधी ते एका काचेच्या टाकीतून जायचं. टाकीत नदीतलेच मासे. ते जगले तर पाणी ठीक. मेले तर नदीकडची झडप बंद.

पण चुना निम्माच घालायचा हुकूम होता. खर्च वाचतो म्हणे!

त्या दिवशी दिवेलागणीला सगळे मासे उताणे तरंगत होते.

मामा झडपेकडे धावला. मॅनेजरने हात धरला.

"झडप बंद म्हणजे खाण बंद. उद्या तपासणी आहे. दुसरे मासे टाका."

"साहेब, नदीत मासे अंडी घालतायत. पुढची सगळी पैदास जाईल."

"मासे आहेत ते, मामा. तुमचे सोयरे नाहीत."

मामाने दात-ओठ खात मेलेले मासे बादलीत काढले. बाजूच्या हौदात राखून ठेवलेले जिवंत मासे टाकीत सोडले. टाकीच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली.

दोघं चार पावलं गेले असतील...

थप्...

थप्... थप्...

आतून.

दार उघडलं. टाकीत मेलेले मासे. तेच. तुटक्या शेपटीचा मामाने लगेच ओळखला.

आणि कोरड्या बादलीत... जिवंत मासे तडफडत होते.

खोलीला दुसरं दार नाही. खिडकीला जाळी.

पुन्हा बदलले.

पुन्हा तेच.

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. मामाला वाटलं, चला, डोकं ठिकाणावर आलं एकदाचं.

मॅनेजर म्हणाला, "ही टाकीच काढून टाका."

मामाने सरळ झडप फिरवली. दुसऱ्या दिवशी मामाची नोकरी गेली, टाकी भंगारात गेली आणि झडप पुन्हा उघडली.

टाकी मामाने घरी आणली. माळ्यावर ठेवली. कोरडी ठणठणीत.

तरी रोज सकाळी तिच्यात... ओले, मेलेले मासे.

"अहो, पत्ता चुकला वाटतं यांचा," मामी म्हणायची. "मॅनेजर पलीकडच्या गल्लीत राहतो."

परवा मात्र माळ्यावरून आवाज आला.

थप्... थप्...

या वेळी मासे जिवंत होते. कोरड्या काचेवर तोंडं उघडत होते.

मामा कळशी घेऊन नळाकडे पळाला. तोटीला हात लावला...

आणि तसाच उभा राहिला.

आमच्या नळाला त्याच नदीचं पाणी येतं.

वर थपथप चालूच होती. मी स्वतः ऐकलीय. हळूहळू थांबली.

तेव्हापासून घरात कुणीच नळाचं पाणी पीत नाही. बाकी गाव पितंय.