डावीकडचा मागचा कोपरा

"अहो, चढू नका!"

माझा एक पाय वजनकाट्यावर होता, दुसरा हवेत. खाली गुडघ्यांवर बसलेला माणूस इतक्या जोरात ओरडला, की माझ्या हातातल्या किल्ल्या खळकन पडल्या.

मावशीच्या औषधांच्या दुकानात दारापाशीच हा काटा आहे. आहे गिऱ्हाइकांसाठी, पण सकाळी सगळ्यांत आधी त्यावर चढते ती मीच. आणि आज माझ्या जागेवर हे महाशय पितळी वजनं मांडून बसले होते.

"मी रोज चढते," मी म्हणाले.

"ते दिसतंय." त्याने मान वर केली. डोळे हसरे... जरा जास्तच. "डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या राहता ना? तिथलं रबर पार झिजलंय."

तिथे आकडा कमी येतो, हे मला कधीच कळलं होतं.

"काटा तपासताना आम्ही चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून बघतो," तो सांगू लागला. "तीन कोपरे खरं बोलतात. तुमचा लाडका मात्र दीड किलो खातो."

"म्हणजे मी..."

"दीड किलोने जास्त आहात. अभिनंदन!"

"निघा तुम्ही इथून!"

काउंटरमागून मावशीचं हसू ऐकू आलं. "ठमे, माणसांशी नीट बोलावं गं." लहानपणी मी गुबगुबीत होते, तेव्हापासून तिची मी ठमीच.

त्या माणसाला काय कल्पना, दीड किलो म्हणजे माझ्यासाठी काय! माझी आई अंगाने जाड. तिला स्तनाचा कर्करोग झाला आणि ऐन चाळिशीत ती गेली. मावशी काडीसारखी. रक्ताच्या तपासणीत तिच्यातही आईसारखाच जनुकातला दोष निघाला, पण ती ठणठणीत. तो दोष आईकडून माझ्यातही आला असेल का? डॉक्टरबाई म्हणत होत्या, तपासून घे. मी टाळत होते. असा दोष असलेल्यांनी वजन वाढू देऊ नये, एवढं कुठेतरी वाचलं आणि तेच घट्ट धरून बसले. मावशीइतकी बारीक राहिले की सुटले... असा माझा सरळ हिशेब होता.

तो नवं रबर आणायला गेला आणि ते न घेताच परत आला. मग पुन्हा आला, तेव्हा हातात हत्यारांची पेटीच नव्हती.

"काटेवाले, काट्याचं दुखणं बरंच लांबलं हो," मावशी म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

तो रोज खिशातून एक केळं काढून माझ्यापुढे ठेवायचा.

"खा."

"नको."

"जेवता तरी कधी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला..." तो पेचकस उगाच फिरवत राहिला. "माणूस कमी होत चाललेलं कळतं हो मला. डोळ्यांना दिसतं ना."

मी वळून फळीवरच्या बाटल्या लावू लागले. आधीच लावलेल्या.

एका दुपारी मावशीने मला कपाटांमागे बोलावलं. माझा हात धरून स्वतःच्या छातीपाशी नेला. "इथे काही लागतंय का गं?"

लागत होतं. वाटाण्याएवढं.

माझ्या काडीसारख्या मावशीला!

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी काट्यावर उभी राहून रडत होते. आकडा कधी नव्हे इतका खाली होता आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडलेच त्याच्यावर. आईचं, मावशीचं, माझ्या उपाशी राहण्याचं. "आणि अशा मुलीशी लग्न-बिग्न कोण करणार!"

"मी अजून विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. मग हळूच, "विचारणार होतो..."

डॉक्टरबाईंनी मावशीला तपासलं आणि मग माझ्याकडे मोर्चा वळवला. "वजन आटोक्यात ठेवणं चांगलंच, त्याचा हातभार लागतो. पण हा दोष असला, की कर्करोग अंगकाठी बघून येत नाही. बारीक बायकांनाही तो गाठतो. आणि उपाशी राहणं म्हणजे तपासणी नव्हे, कळलं?"

मी मुकाट्याने हात पुढे केला. रक्त दिलं.

मावशीची गाठ वेळेवर सापडली होती. शस्त्रक्रिया नीट पार पडली. दवाखान्यातल्या खाटेवरूनही ती विचारत होती, "काटेवाले येतात का गं दुकानात?"

माझा निकाल आला त्या दिवशी मी डॉक्टरबाईंकडून तडक दुकानात आले. तो दारापाशी बसून नवं रबर बसवत होता.

"काय निघालं?"

"आहे... माझ्यातही आहे."

मला वाटलं, आता एखादा विनोद करील. त्याने केला नाही. रबर हातातच राहिलं.

"बोला ना काहीतरी!"

"मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

सगळे मला धीर देत होते. त्याने दिला नाही आणि मला केवढं हलकं वाटलं! "मलाही," मी म्हणाले. "फार. आता नेमाने तपासण्या... आणि पुढेमागे कदाचित शस्त्रक्रियाही."

"मी येईन. प्रत्येक वेळी." मग काट्याकडे बोट दाखवून, "चढ. मधोमध."

त्याने पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं होतं. मी चढले, डोळे मिटून. काटा कुरकुरला. मग पुन्हा कुरकुरला. त्याच्या शर्टाला तेलाचा वास होता आणि तो वास अगदी जवळ होता.

"किती?" मी विचारलं.

"भरभक्कम."

"त्यात माझं किती?"

"दोघं चढल्यावर वेगळं सांगता येत नाही."

मी डोळे उघडले. आकड्याकडे बघितलंच नाही. भीती होती तिथेच होती, पण पोटात कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली होती.

"विचारणार होतास ना काहीतरी?" मी म्हणाले. "विचार की आता."

त्याने खिशातून केळं काढलं, सोललं आणि माझ्या हातात दिलं.

"आधी खा."