सगळी उठली, पुढे सोड

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं, ते तिने सांगितलं तसं लिहितोय. ती भुताखेतांना मानणारी बाई नव्हे.

रात्र नव्हती. रविवारची सकाळ होती, बाहेर लख्ख ऊन.

ताई एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची. चार मजली कचेरी, तळघरात तिची मशीनरूम. सोमवारपासून सगळे कॉम्प्युटर नव्या सिस्टिमवर चालायचे होते. साहेबांना हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं होतं. ताई अडून बसली.

"मी आणि पैलवान करतो. सोमवारी काम अडलं, तर माझा राजीनामा घ्या."

पैलवान म्हणजे तिचा जोडीदार. अंगाने अवाढव्य, मनाने लोणी. कित्येक वर्षं दोघं एकत्र काम करत होते. त्यांची पद्धत ठरलेली. ताई तळघरातून एका मजल्याला नवी सिस्टिम सोडायची. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. पैलवान त्यांच्या रांगांमधून फिरून डोळ्यांनी बघायचा आणि फोन करायचा.

"सगळी उठली, पुढे सोड."

मगच पुढचा मजला. किती मशीनं उठली ते ताईच्या स्क्रीनवरही दिसायचं, पण स्क्रीन कधीकधी चुकायचा. पैलवान कधीच चुकला नव्हता.

तळघरात मोबाइलला रेंज नव्हती. भिंतीवर एकच फोन.

तो वाजला.

"पोचलो, बाईसाहेब. चौथ्या मजल्यावर उभा आहे."

"आज चक्क वेळेवर? वहिनींनी घराबाहेर काढलं वाटतं!"

तो हसला. नेहमीसारखाच.

पण ताईला काहीतरी खटकलं…

रविवारी लिफ्ट बंद असायची. चार जिने चढल्यावर पैलवान भात्यासारखा फुसफुसायचा.

आज धाप नव्हती.

तिने चौथा मजला सोडला. थोड्या वेळाने स्क्रीन बघितला.

"अरे, इथे एकही परत आलेलं दिसत नाही."

"तुझा स्क्रीन झोपलाय. मी समोर उभा आहे ना? सगळी उठली, पुढे सोड."

"आणि खिडकीजवळची म्हातारी?"

म्हातारी म्हणजे एक जुनं, हट्टी मशीन.

"ती तर सगळ्यांच्या आधी उठली!"

ताईलाही हसू आलं. तिने तिसरा मजला सोडला. मग दुसरा.

एरवी मजला बदलताना तो फोन ठेवायचा आणि खालच्या मजल्यावरून पुन्हा लावायचा. आज बोलणं तुटतच नव्हतं. गप्पा, टोमणे, साहेबांची नक्कल…

त्याच्या मागे मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. पंखा नाही. पावलं नाहीत.

"तू नक्की कुठून बोलतोयस?"



"पुढे सोड."

या वेळी तो हसला नाही.

तिने पहिला मजला सोडला. फोन कट झाला.

चहाच्या मशीनमधून दोन कप घेऊन ती वर गेली. पहिल्या मजल्याच्या काचेच्या दाराला कुलूप. आत रांगेने कॉम्प्युटरचे काळे स्क्रीन.

दुसऱ्यालाही कुलूप. काळे स्क्रीन.

मागून वॉचमन आला. "मॅडम, वर काय बघताय? किल्ल्या माझ्याकडेच आहेत. सकाळपासून तुम्ही एकट्याच आलाय."

तिने पैलवानाच्या घरी फोन लावला. शेजाऱ्याने उचलला.

कचेरीकडे येताना पैलवानाची स्कूटर ट्रकखाली गेली होती.

सोमवारी एकही कॉम्प्युटर सुरू झाला नाही. साहेबांनी राजीनामा मागितला, तिने दिला. सांगणार काय? मेलेला माणूस म्हणाला, पुढे सोड?

मेलेला माणूस आला, याची तिला भीती नव्हती. संताप होता. ती अंत्यदर्शनालाही गेली नाही.

"गेला त्याचं दुःख आहेच रे. पण जाता जाता माझा घात करून गेला. माझा! मी त्याचं काय वाईट केलं होतं?"

आम्ही खूप समजावलं तेव्हा कुठे ती पैलवानाच्या घरी वहिनींना भेटायला गेली.

वहिनींनी तिला बसासुद्धा म्हटलं नाही.

"त्या दिवशी एवढं कोणाशी बोलत होता हो तुम्ही?"

"म्हणजे?"

"चाचणीसाठी घरी आणलेल्या लॅपटॉपवर यांनी सकाळी ती सिस्टिम घातली. तो बंद पडला तो उठलाच नाही. हे घाबरले. 'तिला थांबवायला हवं, नाहीतर पोरीची नोकरी जाईल,' म्हणत तुमच्या मशीनरूमला फोन लावत राहिले. सारखा एंगेज. शेवटी चहा अर्धा टाकून स्कूटर काढली…"



तो घरून फोन लावत होता, जिवंत होता, तेव्हा तिच्या कानाशी त्याचाच आवाज गप्पा मारत होता.

वहिनी उत्तराची वाट बघत होत्या. ताई मागे वळली. त्यांनी दार लावून घेतलं. नवऱ्याच्या मरणाला त्या आजही तिलाच जबाबदार धरतात.

हे सगळं ताईने मला समोर बसवून सांगितलं. मी आधी म्हटलं होतं, फोनवर सांग ना, एवढ्या लांब कशाला बोलावतेस?

ती म्हणाली, "फोनवर तू तूच आहेस, हे मी कशावरून ओळखू?"