रस्त्याचे पॅड, ट्रॅकचे पॅड

ऑक्टोबरातल्या अवेळी पावसात तो माझ्या दुकानात शिरला, हातात झिजलेला ब्रेक पॅड. धरला होता मात्र गुलाबासारखा.

"भाभीजी, मिस्त्री कहाँ हैं?"

"सामने खड़ी है. और भाभी किसकी?"

तो गोरामोरा झाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो आई, जेवलो गं!" मी चमकून मान वर केली. इथे उत्तरेत, मलदहियाच्या बाजारात मराठी! आमचं घर मंगला गौरीपाशी, जुन्या मराठी वस्तीत, पण दुकानात दिवसभर हिंदीच.

"जेवला नाहीत तुम्ही," मी म्हटलं. "तोंडावर दिसतंय."

हा देवव्रत. रेल्वेत इंजिनियर, नागपूरहून बदली होऊन आईसह आलेला. त्याच्याकडे लाल, जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. महिन्यातून एकदा ती नोएडाकडच्या रेस ट्रॅकवर नेऊन मनसोक्त पळवायची, एवढंच वेड.

"दोन्हीकडे चालेल असा एकच पॅड द्या ना."

"तसा नाही मिळत. रस्त्याचा पॅड ट्रॅकवर तापला की हात टेकतो. ट्रॅकचा पॅड गार असला की धरत नाही, आधी तापावा लागतो. दोन्ही संच घ्या, तिकडे पोचल्यावर बदला आणि निघताना परत बदला."

"आणि तुम्ही? लवकर तापता?"

"मी तापलेलीच असते. गाडी आत घ्या."

पहिल्या महिन्यात त्याने शहाण्यासारखं सगळं तिकडेच बदललं. दुसऱ्या महिन्यात म्हणाला, "तिथला मिस्त्री फार धसमुसळा आहे... तुम्हीच लावून द्या ना. परत आलो की तुम्हीच काढा." म्हणजे शुक्रवारी एक भेट, रविवारी दुसरी. म्हणजे जाऊन येऊन सोळाशे किलोमीटर हमरस्ता, गार पडलेल्या ट्रॅकच्या पॅडवर.

मला हे कळत नव्हतं का? पूर्ण कळत होतं. दुसरं कुणी असतं तर दुकानातून हाकललं असतं. पण तो उकिडवा बसून माझ्या हातांवर टॉर्च धरायचा, माझ्या गालावरचं काळं पुसायला रुमाल काढायचा आणि धीर न होऊन नुसता पुढे करायचा... मी गप्प बसले. 'तुम्ही'चं 'तू' झालं. डिसेंबरात एकदा मी म्हणाले, "सांभाळून रे, गार असताना..." तो हसला. "तू लावलेत ना? मग झालं." आणि मी लाजले. ब्रेकच्या बाबतीत लाजणारी मिस्त्री मी पहिलीच असेन.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी हायवेवर दाट धुकं होतं. पुढे बंद पडलेला ट्रेलर. त्याने ब्रेक दाबला, आणि पॅड धरलेच नाहीत.

उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी इस्पितळात गेले तेव्हा तो छताकडे बघत होता. माझ्याकडे न वळता म्हणाला, "धुकं होतं, कस्तुरी. सगळ्यांना तेच सांगितलंय. तूही तेच सांग."

"का?"

"नाहीतर आई तुला इथे पाऊल टाकू देणार नाही. आणि तू आली नाहीस तर..." मी त्याचा हात घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही असा.

बाहेर बाकावर त्याची आई, मृणालिनीकाकू, बसल्या होत्या. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली. "बस गं. धुक्याने घात केला माझ्या पोराचा." मला वाटलं, मान हलवावी. किती सोपं होतं! पण रोज या बाईशेजारी बसून ही मान हलवायची, तीही जन्मभर?

"काकू, धुकं होतं. पण पॅड चुकीचे होते. ते मी लावले होते. तिकडेच बदल, एवढं सांगायला हवं होतं मी... नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तो दुकानात आला नसता. माझं प्रेम आहे त्याच्यावर."

काकूंनी बाकावरची पिशवी उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"आज मला तुझं तोंड बघवत नाही. जा तू."

मी उठले. जिन्यापर्यंत पोचले असेन.

"उद्या सातला ये," मागून आवाज आला, कोरडा. "त्याला उचलून बसवायला दोन माणसं लागतात."